ढेप वाढवली, दूध नाही वाढलं: गोठ्यातल्या खाद्याचा हिशोब नेमका कुठे फसतो

आमचा गोठा नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्याला, आत दोन किलोमीटरवर. सात संकरित गाई, दोन कालवडी. वही माझ्याकडे असते. मी हे लिहितेय कारण एकच अडचण आमच्याकडे सलग चार उन्हाळे आली, आणि आजूबाजूच्या चार-पाच गोठ्यांत मी तीच पाहिली आहे.

अडचण अशी. मार्च संपत आला की दूध उतरायला लागतं. घरातलं मोठं माणूस म्हणतं, ढेप (सरकीतून तेल काढून उरलेली पेंड) वाढवा. एक किलो वाढते. चार-आठ दिवस अर्धा लिटर वाढल्यासारखं दिसतं, मग पुन्हा उतरतं. पुन्हा ढेप वाढते. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस) येईपर्यंत गाईच्या पुढ्यात सात-सात किलो खुराक (ढेप, गोळी असं पोत्यातलं खाद्य) पडलेला असतो, फॅट साडेतीनच्या खाली गेलेली असते, आणि ढेपेवाल्याची उधारी दुधाच्या दहा दिवसांच्या बिलाला भिडलेली असते. मग पाऊस लागतो, बांधावर हिरवं येतं, दूध सावरतं. पोळ्यापर्यंत सगळे विसरून जातात. पुढच्या मार्चमध्ये तेच.

चौथ्या उन्हाळ्यात मी वही घेऊन बसले. सगळं सुटलं असं म्हणणार नाही, पण गळती कुठे आहे ते कळलं. ज्या क्रमाने आम्ही तपासलं त्याच क्रमाने सांगते. क्रमाला महत्त्व आहे, कारण आम्ही आधी उलट्या बाजूने सुरुवात केली आणि दोन महिने घालवले.

सगळ्यात आधी: दूध खाद्यामुळेच उतरलंय का?

ढेपेच्या पोत्याकडे जाण्याआधी गाईकडे जा. कासदाह (कासेचा संसर्ग) लपून असतो. सड सुजलेला दिसत नाही, दूधही पांढरं स्वच्छ दिसतं, पण एक-दीड लिटर रोज जातं आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला घन भाग) खाली येतो. असा लपलेला कासदाह ओळखायच्या सीएमटी चाचणीचं द्रावण पशुवैद्यकीय औषधाच्या दुकानात मिळतं. चार कप्प्यांच्या ताटलीत चारही सडांचं दूध वेगवेगळं काढायचं, तेवढंच द्रावण टाकून हलवायचं. जिथे जेलीसारखं घट्ट होईल तो सड बिघडलाय. आमच्या सातांपैकी दोन गाईंत असा एकेक सड निघाला. त्या दोघींना आम्ही महिनाभर जास्तीची ढेप चारत होतो. सड ढेपेने बरा होत नाही.

त्याचबरोबर ताप, गोचीड, जंताचं औषध कधी पाजलं, गाय किती महिन्यांची व्यायलेली आहे, हे बघून घ्या. सात-आठ महिने झालेली, वरून गाभण असलेली गाय दूध कमी करणारच, तो तिचा धर्म आहे. तिच्यापुढे पोतं रिकामं केलं तरी ती पहिल्या महिन्यावर जाणार नाही.

घमेलं म्हणजे माप नव्हे

आता ज्याने माझे डोळे उघडले ते सांगते. आमच्याकडे खुराक घमेल्याने पडतो. "सकाळी एक, संध्याकाळी एक" हा हिशोब मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, काळापासूनचा. मी वहीत लिहायची, दोन घमेली, म्हणजे ढेप चार किलो आणि गोळी खाद्य (कारखान्यातलं तयार) तीन किलो. हे चार आणि तीन कुठून आले? कुणीतरी कधीतरी अंदाजाने सांगितलेले.

एक दिवस मी लटकवायचा काटा आणला, पाचेकशे रुपयांचा, आणि गोठ्याच्या आडव्याला बांधला. गड्याला म्हटलं, रोज भरतोस तसंच भर. त्याने घमेलं भरलं, वर हाताने दाबलं, आणखी एक मूठ टाकली. मग मी भरलं, काठाबरोबर. एकाच घमेल्यात, एकाच पोत्यातल्या ढेपेत, सव्वा किलोचा फरक. तो बिचारा म्हणतो, "वैनी, तुमी सांगतलं तितकंच त टाकतो जी." खरंच होतं त्याचं. मी त्याला घमेलं सांगितलं होतं, किलो सांगितलेच नव्हते.

पुढे आणखी गंमत दिसली. भरडलेल्या ढेपेचं घमेलं जितकं भरलं, गव्हाच्या कोंड्याचं तेच घमेलं त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे ज्या दिवशी ढेप संपली म्हणून कोंडा "तेवढाच" टाकला, त्या दिवशी गाईच्या पोटात निम्माच खुराक गेला. आणि भिजवलेली ढेप तर मोजूच नका, पाणी पिऊन ती किती जड झाली ते पाण्यावर ठरतं. मोजायचं ते भिजत घालण्याआधी.

तेव्हा पहिला उपाय: काटा बांधा. सात दिवस प्रत्येक गाईच्या पुढ्यात पडणारी प्रत्येक गोष्ट तोला. हिरवा चारा, कुटार (मळणीनंतर उरलेला सोयाबीनचा भुसा), ढेप, गोळी, चुनी (डाळीचा चुरा), सगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाणीत उरलेलं उचला, तेही तोला आणि वजा करा. उरलेलं वजा केल्याशिवाय "खाल्लं" असं लिहू नका. आमच्या गव्हाणीत सोयाबीनच्या कुटाराचे जाड देठ किलो-दीड किलो रोज उरायचे. तो चारा विकत घेतलेला होता, पण गाईच्या पोटात गेलेला नव्हता.

हे सात दिवस कंटाळवाणे आहेत. पण हे न करता पुढचं काहीही केलं तर ते हवेतलं ठरतं.

ओल्याचे आणि कोरड्याचे किलो सारखे धरू नका

हिरव्या चाऱ्यात पाणी असतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण हिशोबात कुणी धरत नाही. हिरव्या मक्यात किंवा नेपियरमध्ये कोरडा भाग, म्हणजे ड्राय मॅटर, साधारण 20 टक्के. बरसीममध्ये त्याहून कमी. कुटार, कडबा, तणीस (भाताचा पेंढा), ढेप, गोळी, मका भरडा या सगळ्यांत 90 टक्क्यांच्या आसपास. गाईचं पोट कोरड्या भागाने भरतं आणि दूधही त्यातूनच येतं.

दूध देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला तिच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आसपास किंवा थोडा जास्त कोरडा भाग लागतो. वजनासाठी काटा नसेल तर शिवणकामाची टेप घ्या. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून, आणि लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 660, आलं वजन किलोत. आमच्या चांदी गाईचा घेर 68, लांबी 60, म्हणजे 420 किलो. तिला साधारण 13 किलो कोरडा भाग हवा.

चाऱ्याची किंमतही याच मापाने बघा, चित्र बदलतं. खाली मी आमचे दर धरलेत, तुम्ही तुमचे टाका. हिरवा चारा 3 रुपये किलो, म्हणजे कोरड्या भागाला 15 रुपये. विकतचा मुरघास (हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा) 7 रुपये आणि त्यात कोरडा भाग 30 टक्के, म्हणजे 23 रुपये. कुटार 6 रुपये, म्हणजे पावणेसात रुपयांच्या आत. मका भरडा 25, म्हणजे जवळपास 28. गोळी 30, म्हणजे 33. आणि सरकी ढेप 36, म्हणजे 40 रुपये. गोठ्यातली सगळ्यात महाग वस्तू आम्ही सगळ्यात सैल हाताने टाकत होतो.

चांदीचा मे महिना

आता एका गाईचा पूर्ण हिशोब मांडते, कारण सरासरीत काही दिसत नाही.

काट्यावर तोलून आलेला तिचा मे महिन्यातला आहार: हिरवा चारा 15 किलो (45 रुपये), कुटार 4 किलो (24 रुपये), ढेप 4 किलो (144 रुपये), गोळी 3 किलो (90 रुपये). एकूण 303 रुपये, कोरडा भाग 12.9 किलो. दूध 11 लिटर, फॅट 3.4, एसएनएफ 8.3. कपात होऊन दर मिळाला 32 रुपये. दुधाचे 352. खाद्य वजा जाता हाती 49 रुपये. त्यात गड्याची मजुरी, वीज, औषधं, सगळं बसवायचं.

पोट भरलेलं होतं, 12.9 किलो काही कमी नाही. मग अडलं कुठे? ढेपेत प्रथिनं 22 टक्क्यांच्या आसपास, गोळीत 20. दोन्ही मिळून सात किलो. अकरा लिटरच्या गाईला दिवसाला साधारण 1.3 ते 1.4 किलो प्रथिनं पुरतात, आणि माझ्या हिशोबाने चांदी 1.9 किलो खात होती. जास्तीची प्रथिनं दुधात जात नाहीत. ती युरिया होऊन लघवीवाटे बाहेर पडतात, आणि बाहेर टाकायलाही गाईची ऊर्जा खर्च होते. तिला कमी होती ती ऊर्जा, म्हणजे दाणा, आणि थोडा चांगला हिरवा चारा. आम्ही मात्र दर वेळी प्रथिनांचंच पोतं उघडत होतो.

बदललेला आहार असा: हिरवा चारा 20 किलो (60 रुपये), कुटार 4 किलो (24), ढेप 2 किलो (72), मका भरडा 2 किलो (50), गोळी 2 किलो (60), मिनरल मिक्श्चर 50 ग्रॅम आणि मीठ 30 ग्रॅम (दोन्ही मिळून 7 रुपये). एकूण 273 रुपये, कोरडा भाग 13 किलो. प्रथिनं दीड किलोच्या आसपास, पुरेशी.

हा बदल एका दिवसात केला नाही. दहा दिवस लावले, दर दोन-तीन दिवसांनी थोडी ढेप कमी, थोडा मका जास्त. पोटातले जंतू नव्या खाद्याला सरावायला वेळ घेतात. मका एकदम वाढवला तर पोटात आम्ल वाढतं, गाय खाणं सोडते, शेण पातळ होतं.

तीन आठवड्यांनी दूध साडेअकरा लिटर. दूध फार वाढलं नाही, हे नीट लक्षात घ्या. पण फॅट 3.8 आणि एसएनएफ 8.5 झाला, दर 34 लागला. दुधाचे 391 रुपये, खाद्य वजा जाता 118. आधी 49, आता 118, एका गाईमागे रोज 69 रुपयांचा फरक. त्याच दिवसांत आम्ही चारा द्यायची वेळही बदलली होती, ते पुढे सांगते. म्हणून हे सगळं श्रेय एकट्या मक्याला देणार नाही.

कोणता आकडा बघायचा

इथे बहुतेक जण अडखळतात. मीही अडखळले.

काही जण नुसते लिटर बघतात. त्यात मे महिन्यातली ती ढेप बरोबर वाटते, कारण पहिल्या आठवड्यात अर्धा लिटर वाढलं होतं ना! पण शेवटच्या त्या एका किलोचा हिशोब वेगळा करा. तिसऱ्या किलोवरून चौथ्या किलोवर गेलो तेव्हा 36 रुपये वाढले आणि दूध वाढलं अर्धा लिटर, म्हणजे 16 रुपये. 20 रुपये रोज गेले. खुराकाचा जो किलो तुम्ही शेवटी वाढवला, त्याने स्वतःची किंमत परत आणली का, एवढंच विचारायचं. आमच्या दरात एक किलो ढेपेने लिटरभराहून थोडं जास्त दूध आणलं पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते.

काही जण लिटरमागे खाद्याचा खर्च बघतात. हा आकडा चांगला आहे, चांदीचा तो साडेसत्तावीसवरून पावणेचोवीसवर आला. पण एकटा तो फसवतो. समजा मी खुराक आणखी तोडला, दिवसाचं खाद्य 165 रुपयांवर आणलं आणि दूध साडेसात लिटरवर आलं. लिटरमागे खर्च झाला 22 रुपये, सगळ्यात कमी! पण 34 रुपयांनी दुधाचे 255, हाती राहिले 90. एकशे अठरा कुठे आणि नव्वद कुठे. वर गाय वाळली, माजावर उशिरा आली, तो तोटा पुढच्या वर्षी दिसतो.

म्हणून मी वहीत रोज एकच रकाना ठळक ठेवते: दुधाचे पैसे वजा खाद्याचे पैसे, दर गाईला, दर दिवसाला. बाकी आकडे त्याच्या मदतीला.

कार्यक्षमतेचा आकडा हवा असेल तर तोही काढता येतो, पण फॅट समान करून. दुधाचे किलो (लिटर गुणिले 1.03) गुणिले 0.4, अधिक फॅटचे किलो गुणिले 15, म्हणजे चार टक्के फॅटच्या मापातलं दूध. त्याला खाल्लेल्या कोरड्या भागाने भागायचं. चांदीचा मे महिन्यात 0.80 आला, नंतर 0.88. परदेशी माहितीत 1.4, 1.5 असे आकडे वाचून घाबरू नका. ते तीस-चाळीस लिटरच्या गाईंचे असतात. दहा-बारा लिटरच्या गाईत शरीर चालवायलाच खाद्याचा मोठा वाटा जातो, म्हणून आकडा एकच्या आसपास किंवा थोडा खालीच राहतो. आपल्याच गाईचा मागच्या महिन्याचा आकडा आणि या महिन्याचा, एवढीच तुलना कामाची.

सगळ्यात मोठी गळती: सगळ्यांना सारखंच

चांदीचं सगळं नीट लावूनही महिन्याचा हिशोब जुळेना. मग लक्षात आलं की आमच्याकडे सातही गाईंना एकसारखं घमेलं पडतं. चौदा लिटरवालीला जेवढं, तेवढंच पाच लिटरवालीला. मामाजींच्या मनात यामागे माया आहे, मी ती नाकारत नाही. "गाईगाईत दुजाभाव नको" असं ते म्हणायचे.

पण पाच लिटरच्या दोन गाई रोज 303 रुपयांचं खात होत्या आणि 165 रुपयांचं दूध देत होत्या. आणि चौदा लिटरची ताजी व्यायलेली गाय त्याच घमेल्यावर अर्धपोटी होती, तिची माकडहाडं वर आली होती. दुजाभाव होत होता तो तिच्याशी.

ढोबळ नियम असा आहे: शरीरपोषणाला दीड ते दोन किलो खुराक, आणि वर दर अडीच लिटर दुधामागे एक किलो. म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत एक-दीड किलो जास्त. हिरवा चारा चांगला आणि भरपूर असेल तर खुराक यातून कमी करता येतो. पाच लिटरच्या गाईला याप्रमाणे साडेतीन किलो येतात. आम्ही त्या दोघींना ढेप 1, मका 1, गोळी दीड किलो केली, चारा चांदीच्या नव्या आहाराइतकाच ठेवला, मिनरल आणि मीठ सुरू केलं. खर्च 197 रुपयांवर आला. दूध पाच लिटरच राहिलं. दोघींचे मिळून रोज 212 रुपये वाचले, महिन्याचे सहा हजारांच्या वर. त्यातला एक किलो खुराक आम्ही चौदा लिटरवालीला वाढवला, आणि तिथे तो दुधात दिसला.

यासाठी फार काही लागत नाही. प्रत्येक गव्हाणीवर खडूने किलो लिहिले आहेत. दर दहा दिवसांनी दोन्ही वेळचं दूध गाईगणिक तोलते आणि खडूचा आकडा बदलते. गड्याला आता विचारावं लागत नाही.

नागपूरचं ऊन

एप्रिल ते जून आपल्याकडे पारा 45 च्या आसपास फिरतो. विदेशी होल्स्टीन रक्ताच्या गाईला पंचविशीच्या पुढेच उष्णता जाणवू लागते. ती खाणं कमी करते, कारण चारा पचतानाही अंगात उष्णता तयार होते, आणि कुटारासारखा जाड चारा पचताना जास्तच. मग ती काय करते? कुटार बाजूला सारून खुराक तेवढा खाते. तंतू कमी, खुराक जास्त, आणि फॅट पडते. उन्हाळ्यात ढेप वाढवून फॅट उलट उतरते त्याचं हे एक मोठं कारण आहे. आपली देशी गौळाऊ गाय याच उन्हात निवांत रवंथ करते, पण तिची आणि हिची बरोबरी नाही.

आम्ही चाऱ्याच्या वेळा बदलल्या. पहाटे पाचला एक मोठा भाग, आणि रात्री आठनंतर दुसरा. दुपारी अकरा ते पाच नुसतं पाणी आणि थोडा हिरवा चारा. रात्री अकराला मी गोठ्यात गेले तर सहा गाई गव्हाणीत तोंड घालून होत्या. दुपारी त्याच गाई जीभ बाहेर काढून धापा टाकायच्या.

पाणी हे खाद्याच्याही आधी. दुधाची गाय उन्हाळ्यात शंभर लिटरपर्यंत पाणी पिते. आमचं सिमेंटचं टाकं उघड्यावर होतं, दुपारी त्यातलं पाणी हाताला चटका द्यायचं. त्यावर तुराट्यांचा मांडव केला, बाजूंना ओला बारदाना लावला. खर्च जवळपास शून्य. माझ्या मते सगळ्या बदलांत स्वस्त आणि सगळ्यात लवकर गुण देणारा हाच होता. आधी पाणी थंड करा, मग ढेपेचा विचार करा.

ढेप खरी आहे का

हिशोब बरोबर, वजन बरोबर, तरी दूध नाही, तर पोत्यात बघा. एकदा आम्हाला आलेला माल दिसायला सोनेरी होता, पण काचेच्या ग्लासात भिजवला तेव्हा तळाशी बोटभर वाळू बसली आणि वर भुसा तरंगला. तेव्हापासून प्रत्येक नव्या खेपेचा मूठभर माल ग्लासात जातो.

युरियाच्या भेसळीची शंका असेल तर कच्च्या सोयाबीनचं पीठ उपयोगी पडतं. खाद्य थोड्या कोमट पाण्यात कालवा, त्यात ते पीठ मिसळा, झाकण लावून अर्धा तास ठेवा. नाकात जाणारा अमोनियाचा वास आला तर युरिया आहे. आणि त्याच कारणाने, घरचं कच्चं सोयाबीन आणि युरिया घातलेलं खाद्य कधीही एकत्र चारू नका, गाईला विषबाधा होऊ शकते.

प्रथिनं, तंतू आणि वाळूराख यांची नेमकी तपासणी हवी असेल तर नागपुरात सोय जवळ आहे. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पशुपोषण विभागात जाऊन विचारा. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून थोडा थोडा माल काढून एकत्र करून न्या, नाहीतर अहवाल एका मुठीचा येतो.

पावसाळ्यात ढेप जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. बुरशी लागलेल्या ढेपेतलं अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं आणि ते उकळूनही जात नाही. काळी-हिरवी पडलेली ढेप वाळवून वापरू नका, फेकून द्या. मला माहीत आहे की फेकताना हात जड होतो.

प्रथिनं विकत घेताना पोत्याच्या किमतीकडे बघू नका, प्रथिनाच्या किलोची किंमत काढा. ढेप 36 रुपये आणि प्रथिनं 22 टक्के, म्हणजे प्रथिनाचा किलो 164 रुपयांना. सोयाबीनची डीओसी (तेल पूर्ण काढून उरलेली पेंड) 45 रुपयांना मिळाली आणि त्यात प्रथिनं 45 टक्के असली, तर 100 रुपयांना. सोयाबीनच्या पट्ट्यात राहून आम्ही हे कधी मांडलंच नव्हतं. मात्र ढेप पूर्ण बंद करू नका. तिच्यात तेल उरलेलं असतं, ते डीओसीत नसतं. आम्ही अर्धी ढेप ठेवून उरलेल्या प्रथिनांसाठी डीओसी आणि ऊर्जेसाठी मका असा मेळ बसवतो, भाव बदलले की मेळ बदलतो. नवी सरकी निघाली की ढेप सहसा उतरते, तेव्हा कोरडी जागा असेल तर दोन महिन्यांची भरून ठेवते.

शेण खोटं बोलत नाही

प्रयोगशाळा रोज शक्य नाही, शेण रोज समोर असतं. पेलाभर ताजं शेण रव्याच्या चाळणीत घ्या आणि नळाखाली धुवा. सरकीची काळी टरफलं दिसतील, त्याला हरकत नाही, ती पचत नाहीतच. पण मक्याचे अख्खे किंवा मोठे तुकडे दिसले तर भरडा जाड आहे, मका फुकट चाललाय. आम्हाला पहिल्या आठवड्यात चाळणीत पंधरा-वीस तुकडे मिळाले. गिरणीवाल्याला जाळी बारीक लावायला सांगितली, पुढच्या आठवड्यात दोन-तीनच होते. पैसे तेवढेच, मका तेवढाच. मात्र पिठासारखं बारीकही करू नका, ते पोटात फार झपाट्याने आंबतं.

शेण पसरट आणि पातळ, वास उग्र, तर खुराक किंवा प्रथिनं जास्त. घट्ट गोळे पडत असतील तर पाणी किंवा प्रथिनं कमी. आणि दुपारी बसलेल्या गाई मोजा. बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असल्या पाहिजेत. आमच्याकडे मे महिन्यात सातपैकी पाच बसल्या होत्या आणि रवंथ एकटीच करत होती.

हे सगळं करूनही घोळ राहिला तर डॉक्टरांकडे किंवा महाविद्यालयात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. "दूध कमी आहे, काय चारू" याला कुणाकडेच उत्तर नसतं. गाईचं टेपने काढलेलं वजन, व्यायल्याला किती महिने, गाभण किती महिन्यांची, गाईगणिक दूध आणि फॅट, सात दिवस तोललेला चारा-खुराक, उरलेल्याचं वजन आणि तुमचे दर, हे एका कागदावर लिहून न्या. मी नेलं तेव्हा तिथल्या मॅडमनी दहा मिनिटांत ढेपेच्या आकड्याभोवती गोल केला. ती वही आता गोठ्यातच काट्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते, आणि या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मामाजींनीच मला विचारलं, चांदीची शेवटची ढेप किती लिहिली आहे म्हणून.